महासंघ नेमका कोणाच्या वतीने बोलतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा रहिवासी संघटनांनी एकत्र येऊन महासंघ काढला. सगळे स्वयंसेवक, पगारी माणूस एकही नाही. पहिल्या वर्षी बैठकीला बसायला जागा पुरत नव्हती, आता जेमतेम पाच-सहा जण येतात. अध्यक्ष आणि सचिव दोघंच सगळं ओढत आहेत आणि थकले आहेत. त्यातच एका रस्त्यावर एकदिशा वाहतूक करावी, असं पत्र महासंघाच्या नावाने गेलं आणि दोन संघटना बाहेर पडण्याची भाषा करू लागल्या. उपस्थिती कशी वाढवावी, असं तुम्ही विचारलं आहे.

उपस्थितीकडे मी नंतर येतो, आधी त्या पत्राबद्दल बोलू. अशा संस्थांमध्ये बरीच वर्षं काम करताना मला दिसलं ते हे, की माणसं कंटाळून कमी आणि गृहीत धरलं गेल्यामुळे जास्त दूर जातात. तुमच्याकडेही गळतीचं मूळ तिथेच असावं असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

रहिवासी संघटनेकडे निदान तिचे रहिवासी असतात. महासंघाकडे असतो तो फक्त घटक संघटनांनी सोपवलेला अधिकार, आणि तोही ज्या विषयापुरता सोपवला त्या विषयापुरताच. बैठकीला आलेल्या सात जणांनी मान डोलावली म्हणून चौदा संघटनांची भूमिका ठरत नाही. त्या सात जणांनाही आपापल्या संघटनेने त्या विषयावर काही सांगून पाठवलेलं नसतं. ते स्वतःचं मत सांगतात. पत्र निघतं तेव्हा मात्र त्या सात मतांचा हजारो घरांचा आवाज झालेला असतो. आपल्याच रस्त्याबद्दल आपल्या नावाने काय मागितलं गेलं, हे ज्यांना बाहेरून कळतं त्यांचा राग अगदी रास्त आहे.

यावर मला एकच उपाय खरोखर चालताना दिसला आहे. विषय एका बैठकीत मांडायचा आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा. मधल्या काळात तो प्रत्येक घटक संघटनेच्या कार्यकारिणीपुढे गेलाच पाहिजे. प्रतिनिधीने परत येताना पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ यांपैकी एक उत्तर घेऊन यायचं. ‘आमच्याकडे चर्चाच झाली नाही’ हेही उत्तर आहे आणि ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहायचं, पण पाठिंब्यात मोजायचं नाही. अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर संमती समजू, असा नियम पुष्कळ ठिकाणी केला जातो, कारण तो सोयीचा आहे. कृपा करून तो करू नका. त्याने काम भराभर उरकतं हे खरं, पण प्रत्येक अनुत्तरित निरोपाबरोबर एक नाराज संघटना तयार होत जाते आणि ती नाराजी कळते ती नेमकी अडचणीच्या दिवशी.

लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: हरकती नोंदवायची मुदत कधी कधी पंधराच दिवसांची असते, दोन बैठका कुठून होणार? यासाठी दोन तरतुदी महासंघाच्या घटनेत घालून ठेवा. पहिली, वर्षातून एकदा काही कायम भूमिका रीतसर मंजूर करून घ्या. उदाहरणार्थ, मोठ्या बांधकामाच्या किंवा रस्त्याच्या प्रस्तावाआधी आजूबाजूच्या रहिवाशांना लेखी सूचना मिळावी. पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे राहावेत. मोठी झाडं तोडण्याआधी सुनावणी व्हावी. या चौकटीत बसेल ते पत्र पदाधिकारी कधीही पाठवू शकतात. दुसरी, चौकटीबाहेरचा तातडीचा विषय आला तर तीन वेगवेगळ्या संघटनांच्या तीन पदाधिकाऱ्यांची सही लागेल, त्याच दिवशी सर्व संघटनांना प्रत जाईल आणि पुढच्या बैठकीत मंजुरी मिळाली नाही तर ते पत्र लेखी मागे घेतलं जाईल. अनुभवाने आणखी एक सांगतो. तातडीच्या पत्रात बाजू घेण्यापेक्षा वेळ मागावा. ‘या प्रस्तावावर आमच्या घटक संघटनांना विचार करता यावा म्हणून मुदत वाढवा’ या मागणीला सहसा कोणाचाच विरोध नसतो.

पत्रात आकडे लिहा. ‘चौदापैकी दहा संघटनांचा पाठिंबा, दोन तटस्थ, एकीचा विरोध, एकीकडे चर्चा व्हायची आहे.’ अनेकांना यात कमीपणा वाटतो, पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याच्या बाजूने विचार करा. सर्वांच्या वतीने लिहिलेली पत्रं त्याने खूप पाहिलेली असतात आणि त्यातलं ‘सर्व’ म्हणजे चार माणसं असतात, हे त्याला ठाऊक असतं. विरोधाची नोंद स्वतःहून करणाऱ्या महासंघाच्या पाठिंब्याच्या आकड्यावरही तो विश्वास ठेवतो. ज्या संघटनेने विरोध केला, तिचंही समाधान होतं, कारण तिचं म्हणणं दडपलं गेलेलं नसतं.

आता एकदिशा वाहतूक. हा विषय महासंघाने एकट्याने हाती घेण्यासारखा नव्हताच. एका रस्त्यावरची वाहनं वळवली की ती शेजारच्या रस्त्यावर जातात. एका संघटनेला शांतता मिळते तेव्हा दुसरीच्या दारात कर्णे वाजायला लागतात. पार्किंग, कचरा गोळा करण्याची जागा, बसथांबा, मैदानावरचे कार्यक्रम या सगळ्यांचं असंच आहे. लाभ एकाला आणि त्रास दुसऱ्याला, असं जिथे असेल तिथे महासंघाने बाजू घ्यायची नसते, दोघांना समोरासमोर बसवायचं असतं. बैठक तिसऱ्याच संघटनेच्या माणसाने चालवावी. दोन्ही रस्त्यांवर एकाच दिवशी, एकाच वेळेत, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून वाहनं मोजावीत, म्हणजे आकड्यांवरून वाद होत नाही. मग मागणी कायमच्या बदलाची न करता ठरावीक मुदतीच्या प्रयोगाची करावी, आणि प्रयोगाआधी व नंतर पुन्हा मोजणी व्हावी असं पत्रातच लिहावं. त्यातूनही एकमत झालं नाही तर महासंघाने त्या विषयावर गप्प राहावं आणि दोन्ही संघटनांनी आपापल्या नावाने लिहावं. एकाच संघटनेच्या हद्दीतल्या प्रश्नाबाबत तर नियम आणखी सोपा आहे: तिने मागितल्याशिवाय महासंघाने तोंड उघडायचं नाही.

हे सगळं आलं की मतांचा प्रश्न येतोच. चाळीस घरांच्या संघटनेला एक मत आणि नऊशे घरांच्या संघटनेलाही एकच? लहानांना मोठ्यांची भीती असते आणि मोठ्यांना लहानांचा राग. राज्यांचे संघ उभारणाऱ्यांनाही याच पेचातून जावं लागलं आहे. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत एका सभागृहात प्रत्येक राज्याला समान जागा आणि दुसऱ्यात लोकसंख्येप्रमाणे जागा, अशी तडजोड झाली. युरोपीय संघाच्या परिषदेत बहुतेक विषयांवर ठराव संमत व्हायला ५५ टक्के सदस्य देश आणि त्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. तुम्हाला इतक्या बारकाव्याची गरज नाही. रोजच्या कामात संघटनेमागे एक मत ठेवा. वर्गणी, घटनेतला बदल आणि महासंघाची जाहीर भूमिका एवढ्या तीन बाबींत मात्र दोन्ही कसोट्या लावा: दोनतृतीयांश संघटना आणि त्यांच्यात मिळून महासंघातली निम्म्याहून अधिक घरं. मग लहान संघटना एकत्र येऊन मोठीवर काही लादू शकत नाहीत आणि दोन मोठ्या मिळून बाकीच्यांना फरफटत नेऊ शकत नाहीत.

आता उपस्थिती. बहुतेक ठिकाणी घटक संघटनेचा अध्यक्षच महासंघावर प्रतिनिधी म्हणून येतो. त्याच्यामागे आपल्या इमारतींची गळती, पाणी, भांडणं इतकी असतात की महासंघाची बैठक त्याच्या यादीत शेवटी जाते. प्रतिनिधी वेगळा असावा, ठराव करून लेखी नेमलेला असावा, आणि त्याच्याबरोबर एक पर्यायी प्रतिनिधीही असावा. प्रतिनिधीचं निम्मं काम महासंघाच्या बैठकीत असतं, उरलेलं निम्मं आपल्या संघटनेत परत जाऊन सांगण्याचं. हे दुसरं काम जवळपास सगळीकडे राहून जातं. ते सोपं करण्याची जबाबदारी सचिवांनी घ्यावी. बैठकीनंतर दोन दिवसांत एका पानाचं टिपण सर्वांना गेलं पाहिजे: काय ठरलं, तुमच्याकडून कोणत्या प्रश्नावर उत्तर हवं, कोणत्या तारखेपर्यंत. प्रतिनिधीने ते आपल्या बैठकीत नुसतं वाचून दाखवलं तरी काम व्हावं, इतकं ते सोपं असावं. सविस्तर इतिवृत्त सावकाश आलं तरी चालतं. व्हॉट्सअ‍ॅपचा गट निरोपापुरता ठेवा; तिथे ठराव होत नाहीत आणि तिथल्या अंगठ्यांची मतं मोजता येत नाहीत, हे एकदा स्पष्ट लिहून टाका.

बैठका कमी करा. दोन महिन्यांतून एक, दीड तासाची, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारी. विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे ‘माहितीसाठी’, ‘चर्चेसाठी’ किंवा ‘निर्णयासाठी’ असं लिहा, आणि निर्णयाचे विषय आधी घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीन संघटनांनी आपल्याकडे काय चाललंय ते सांगावं. लोक खरं तर यासाठीच येतात. एकीने पाण्याची गळती कशी शोधली, दुसरीने ठेकेदाराशी करार करताना कोणतं कलम घातलं, हे बाहेर कुठे सहज कळत नाही. तुमच्या सध्याच्या बैठकांत याला जागा आहे का, हे जरूर तपासा.

लागोपाठ गैरहजर राहणाऱ्या संघटनेला काढून टाकण्याची घाई नको. पाणी, जंगल, कुरणं यांसारखी सामायिक संसाधनं वर्षानुवर्षं नीट सांभाळणाऱ्या समूहांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी काही समान सूत्रं मांडली. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतलं एक सूत्र असं की नियमभंगाची शिक्षा हळूहळू चढत जाणारी असावी. महासंघात त्याचा अर्थ एवढाच: आधी फोन, मग भेट, मग तात्पुरतं मत गोठवणं, आणि हे सगळं होऊनही प्रतिसाद नसेल तरच सदस्यत्वाचा विचार. बहुतेक वेळा भेटीतच कारण कळतं. प्रतिनिधी राहायला दुसरीकडे गेलेला असतो आणि नवा नेमायचं कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

अध्यक्ष आणि सचिव थकले आहेत, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. मोठ्या गटात प्रत्येकाला वाटतं की आपण हात लावला नाही तरी काम होईल, आणि फायदा तर सगळ्यांना सारखाच मिळेल. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली हे तर्कशुद्ध मांडलं. त्यांनी हेही दाखवलं की मोठा गट लहान गटांचा मिळून बनलेला असेल तर त्या लहान गटांतल्या ओळखीच्या, भिडेच्या जोरावर कामं होऊ शकतात. महासंघाची रचना नेमकी अशीच आहे, पण आपण तिचा उपयोग करत नाही. आपण सत्तर जणांच्या गटावर ‘कोणीतरी पुढे या’ असं आवाहन टाकतो आणि कोणी आलं नाही की लोकांना दोष देतो. आवाहनाने माणसं मिळत नाहीत. माणूस हेरून, त्याच्याच संघटनेतल्या कोणाला तरी पाठवून, त्याला एक ठरावीक काम विचारावं लागतं: ‘येत्या सहा आठवड्यांत या चार रस्त्यांवरच्या बंद दिव्यांची यादी करायची आहे, कराल का?’ काम केवढं आणि कधी संपणार हे आधी कळलं की माणसं हो म्हणतात. ‘पर्यावरण समितीचे निमंत्रक व्हाल का?’ असं विचारलं तर शहाणी माणसं मागे सरकतात, कारण ते काम कधीच संपत नाही.

त्याच दोघांनी सगळं करण्याचा दुसरा धोका थकव्यापेक्षा मोठा आहे. जो फोन उचलतो, जो अधिकाऱ्यांना ओळखतो, ज्याच्या संगणकात सगळे कागद असतात, त्याच्याकडे न मागता सत्ता जमते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या गटांबद्दल लिहिताना त्याच चळवळीतल्या लेखिका जो फ्रीमन (Jo Freeman) यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच मुद्दा मांडला होता: रचना नको म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच, फक्त ती दिसत नाही, आणि म्हणून तिला जाबही विचारता येत नाही. तुमचे पदाधिकारी सज्जन आहेत याबद्दल मला शंका नाही. तरीही दोन वर्षांची मुदत, सलग दोनच वेळा एक पद, प्रत्येक पदाला एक सहकारी, आणि महासंघाच्या स्वतःच्या ईमेलवर व सामायिक फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रं, एवढं करून घ्या. अधिकाऱ्यांच्या भेटीला एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, त्यातला एक दर वेळी नवा.

पैशाबद्दल थोडक्यात. कमी ठेवा. घरांच्या संख्येनुसार तीन टप्प्यांत वर्गणी, खात्यावर दोन वेगवेगळ्या संघटनांच्या व्यक्तींच्या सह्या, दर तिमाहीला एका पानाचा हिशेब सगळ्यांना. ज्यांचे प्रस्ताव तुमच्या भागात मंजुरीसाठी पडून आहेत त्यांच्याकडून देणगी घेऊ नका, कार्यक्रमाच्या फलकापुरतीही नाही. निवडणुकीच्या काळात सर्व उमेदवारांना एकाच मंचावर बोलवा, कोणालाही पाठिंबा देऊ नका, आणि पदाधिकाऱ्याला उभं राहायचं असेल तर त्याने अर्ज भरण्याआधी पद सोडावं.

स्थानिक प्रशासनाकडून काय मागावं, यावर मात्र विचार करा. बरेच महासंघ मान्यता मागतात, कार्यालय मागतात, निधी मागतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट वेळेवर मिळणारी माहिती आहे. लॉस एंजेलिसच्या नागरिकांनी १९९९ साली नवी नगरसनद, म्हणजे शहराच्या कारभाराची मूळ नियमावली, मंजूर केली, तिच्यात शेजार परिषदांची, म्हणजे त्या त्या भागातल्या रहिवाशांच्या परिषदांची तरतूद होती आणि तिच्याबरोबरच निर्णय होण्याआधी या परिषदांना पुरेशी आगाऊ सूचना देण्याची व्यवस्थाही होती. हे दुसरं कलम नसेल तर पहिल्याचा उपयोग मर्यादित राहतो, कारण ठरून गेलेल्या गोष्टीवर नुसती हरकत घेता येते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात रहिवासी संघटनांचा महासंघ १९८३ साली स्थापन झाला. त्याने नगरपालिकेच्या खर्चावर रहिवाशांचं म्हणणं चालावं अशी मागणी लावून धरली आणि १९८९ पासून तिथे सहभागी अर्थसंकल्प, म्हणजे खर्च ठरवण्यात रहिवाशांचा थेट सहभाग, सुरू झाला. त्यात कोणत्या भागाला किती पैसा, हे ठरवताना लोकसंख्या, सुविधांची कमतरता आणि रहिवाशांनी ठरवलेला प्राधान्यक्रम यांना गुण दिले जात. तुमच्या चौदा संघटना उद्या यादी करायला बसतील तेव्हा हीच पद्धत वापरा. आधी निकष ठरवा, मग कामं मांडा. उलट केलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वर जातं.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या चौदा संघटनांत कोण नाही? भाडेकरू, एकट्या-दुकट्या घरांतले लोक, वस्तीत राहणारे, ज्यांची संघटनाच नाही असे? अमेरिकेतल्या शिकागोमध्ये १९३९ साली सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन या दोन संघटकांनी कत्तलखान्यांमागच्या कामगार वस्तीत एक परिषद उभी केली. एकमेकांशी न पटणाऱ्या वेगवेगळ्या वंशांच्या चर्चना, कामगार संघटनांना आणि मंडळांना तिने एकत्र आणलं; संघटित शेजाराचं ते आदर्श उदाहरण मानलं गेलं. तीच परिषद पुढे १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय कुटुंबांना त्या भागापासून दूर ठेवण्यात गुंतली, आणि त्याचं अलिन्स्कींना फार दुःख झालं. एकीचा उपयोग भिंत उभारायलाही होतो. म्हणून ज्यांची संघटना नाही त्यांच्यासाठी महासंघात दोन-तीन जागा राखून ठेवा, आणि जागा ठेवून थांबू नका. त्यांच्याकडे जाऊन त्यांना बोलवा. एखाद्या मागणीचा भार त्यांच्यावर पडणार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ती मागणी पुढे जाऊ देऊ नका.

आता लगेच काय करायचं ते. नाराज झालेल्या दोन संघटनांना बैठकीला बोलावू नका, त्यांच्या बैठकीला जा. अध्यक्ष आणि सचिव दोघांनी जावं, समर्थन न करता ऐकावं, आणि परत येऊन संबंधित कार्यालयाला पुरवणी पत्र द्यावं: आधीच्या पत्रावर सर्व घटक संघटनांचा विचार झालेला नव्हता, ज्यांनी पाठिंबा दिला त्या अमुक, पुढील भूमिका चर्चेनंतर कळवू. असं पत्र दिल्याने महासंघाची किंमत कमी होईल ही भीती मनातून काढून टाका. पुढच्या बैठकीत दोन बैठकांचा नियम ‘निर्णयासाठी’ म्हणून न आणता आधी ‘चर्चेसाठी’ आणा आणि चौदाही संघटनांकडे पाठवा, म्हणजे त्या नियमाचा पहिला वापर त्याच्या स्वतःवरच होईल. एवढं करूनही एखादी संघटना बाहेर पडलीच तर तिला निरीक्षक म्हणून येत राहण्याची मुभा द्या आणि एक पानाचं टिपण तिला पाठवणं बंद करू नका.